हिज्जे आणि स्पेलिंग

अचलपुरात एखादं मूल ‘अरबी शिकतं’ असं म्हटलं की त्याचा अर्थ ठरलेला आहे. सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी अस्रच्या नमाजनंतर ते मकतबात जातं, नूरानी कायदा उघडतं, आधी सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग जबर-जेर-पेश या स्वरांच्या खुणा, असं करत करत कुराण बघून वाचायला लागतं. त्याला अरबी बोलता येत नाही, समजतही नाही. पण वाचता येतं, आणि असं वाचता येतं की उच्चारात खोट काढायला जागा नसते. तेच मूल शाळेत इंग्रजीही शिकतं. सन 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात या दोन भाषा एकदमच येऊन बसल्या.

मी त्यातल्या दुसऱ्या भाषेची शिक्षिका. दुल्हा दरवाज्याजवळ घरीच इंग्रजीची शिकवणी घेते. काही मुलं मराठी शाळेतली, काही उर्दू शाळेतली. शिकवणीच्या वेळा मकतबाच्या वेळा बघूनच ठरवाव्या लागतात. एकाच वहीत डावीकडून इंग्रजी आणि वही उलटी धरून उजवीकडून उर्दू-अरबी, अशी वही मी रोज तपासते. उर्दू शाळेतल्या मुलांच्या पालकांशी बोलताना एक काळजी नेहमी ऐकू येते: मॅडम, अरबीत इतका वेळ जातो, मग इंग्रजी कच्चं राहणार नाही का? काही शिक्षकही तसंच म्हणतात. इतकी वर्षं शिकवल्यावर माझं मत याच्या अगदी उलट आहे. मकतबातून आलेलं मूल इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याजवळ काय आहे हे आम्ही विचारत नाही, एवढंच.

मला ते पहिल्यांदा नीट दिसलं ते ‘थ्री’ शिकवताना. मराठी मुलं त्यात थाळीतला थ लावतात: जीभ वरच्या दातांच्या मागे पक्की टेकते आणि हवेचा एकच झोत सुटतो. इंग्रजीतला तो आवाज तसा नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला नुसतं लागतं, हवा मधून घासत बाहेर येते आणि श्वास पुरेल तोवर लांबवता येते. मी मुलांपुढे आरसा धरला, जीभ दिसली पाहिजे म्हणून सांगितलं, तरी थाळीतला थ काही हलेना. सातवीतल्या एका मुलीने मात्र पहिल्याच वेळी तो आवाज असा काढला की बाकीची मुलं तिच्या तोंडाकडे बघायला लागली. कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर ती म्हणाली, “मॅडम, ये तो सा है. हाफिजजी जबान की नोक दांत के किनारे लगवाते.”

अरबीतलं चौथं अक्षर ते. उर्दू बोलताना त्याचा सरळ स होतो. उर्दूत स वाजणारी अक्षरं तीन आणि ज़ वाजणारी चार आहेत. लिहिताना वेगळी, बोलताना सारखीच. पण कुराण वाचताना हे चालत नाही. तिथे प्रत्येक अक्षराचं मखरज, म्हणजे तोंडात ते जिथून निघतं ती जागा, ठरलेली असते, आणि ती जागा सापडेपर्यंत मकतबात शिकवणारे हाफिजजी पुढे सरकू देत नाहीत. त्यामुळे घरी एकच स बोलणारं पोर वाचताना तीन वेगळे आवाज काढतं. इंग्रजी ‘थिंक’मधला आवाज त्याला ‘सा’ने दिलेला असतो, ‘दिस’मधला ‘जाल’ या अक्षराने. फ दात आणि ओठ मिळून काढायचा हे त्याला ठाऊक असतं. ओठ गोल करून म्हणायचा ‘वाव’ म्हणजे ‘वॉटर’मधला पहिला आवाज. नाही तो फक्त ‘व्हॅन’मधला, तो अरबीतही नाही. मग मी सांगते, फ म्हणताना जसे दात ओठावर ठेवता तसेच ठेवा आणि त्यात घसा वाजवा. तेवढ्यावर काम होतं. पुस्तकात पाहून शिकवणाऱ्या शिक्षकाला जे करायला महिने लागतात ते या मुलांच्या तोंडात आधीच बसलेलं असतं, आणि शाळेत इंग्रजीच्या गुणपत्रिकेत त्याला कुठे जागा नसते, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट हिज्जेची. मकतबाच्या खिडकीखालून गेलं की तो एकसुरी आवाज ऐकू येतो: काफ जबर क, लाम जबर ल, मीम दो पेश मुन, कलमुन. अक्षराचं नाव, त्याच्यावरची खूण आणि त्या दोघांतून निघणारा आवाज, तिन्ही मूल एका दमात म्हणतं. शेवटी शब्द आपोआप जुळून येतो. मग तेच न थांबता वाचायचं, त्याला ‘रवां’ म्हणतात. ओळ रवां झाल्याशिवाय पुढची तख्ती नाही. तख्ती म्हणजे कायद्यातला धडा.

इंग्रजीच्या वर्गात आम्हीही मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतो: सी-ए-टी, कॅट. पण ‘सी’ या नावात क कुठे आहे? ‘ए’मध्ये ॲ कुठे आहे? अक्षरांची नावं एकीकडे, शब्द एकीकडे. मधला पूल मुलाने स्वतःच बांधायचा. हिज्जेची सवय असलेली मुलं इथे अडतात आणि त्यांना आपण कच्चे आहोत असं वाटायला लागतं. मी आता पहिले काही आठवडे अक्षरांची नावं घेतच नाही. क-ॲ-ट, कॅट, असं हिज्जे पद्धतीने सुरू करते. मुलं लगेच हसतात, कारण ही चाल त्यांच्या ओळखीची असते.

ही चाल थोड्या अंतरापर्यंतच पुरते. टी-एच-ओ-यू-जी-एचला ‘दो’ म्हणायचं, त्यात एक आर घातला की ‘थ्रू’, ‘दो’मधला पहिला एच काढून टी-ओ-यू-जी-एच केलं की ‘टफ’, ‘दो’च्याच शेवटी टी जोडला की ‘थॉट’. एक मुलगा चिडून म्हणाला, हे कोणी ठरवलं? प्रश्न योग्य होता, म्हणून मी तास बाजूला ठेवून उत्तर दिलं. इंग्लंडात कॅक्स्टनने 1476 मध्ये छापखाना काढला. त्यानंतर लिहिण्याची पद्धत हळूहळू गोठत गेली आणि बोलणं मात्र बदलत राहिलं. ‘नाइफ’मधला के कधीकाळी खरंच वाजत होता. ‘थॉट’ आणि ‘नाइट’मधला जी-एच खालच्या नुक्त्याच्या ख़सारखा घशातून निघत होता. हे ऐकल्यावर तो पोरगा ‘नाख़्ट’, ‘नाख़्ट’ करत घरी गेला, आणि त्याचं ते स्पेलिंग पुन्हा चुकलं नाही.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की अरबी सरळ आणि इंग्रजी वाकडी. तसं नाही. कुराणात आणि कायद्यात सगळ्या खुणा छापलेल्या असतात म्हणून ती सरळ वाटते. रोजच्या अरबीत, वर्तमानपत्रात, पाटीवर, सरकारी कागदावर जबर-जेर-पेश नसतात. क-त-ब एवढीच तीन अक्षरं समोर असतात आणि ते ‘कतब’ म्हणजे लिहिलं, ‘कुतिब’ म्हणजे लिहिलं गेलं, की ‘कुतुब’ म्हणजे पुस्तकं, हे वाचणाऱ्याने वाक्य पाहून ठरवायचं. म्हणजे इंग्रजीत आवाजाचा भरवसा नाही तरी स्वर कागदावर असतात. अर्थ न कळता माणूस कसंबसं वाचून काढू शकतो. अरबीत आधी कळावं लागतं, मग वाचता येतं.

हे मला समजावलं आमच्या गल्लीतल्या आपांनी. त्या आलिमा आहेत. मुलींच्या मदरशात शिकलेल्या, आता घरी बायकांना शिकवतात. त्यांना मुलाच्या शाळेतल्या बैठकीत इंग्रजी बोलायचं होतं, मला मकतबात काय चालतं ते जाणून घ्यायचं होतं. शुक्रवारी मदरशाला सुट्टी असते, त्या दिवशी दुपारी बसायचं ठरलं. त्या मला मॅडम म्हणतात, मी त्यांना आपा. आमचं बोलणं आमच्या वऱ्हाडी हिंदीत होतं, मध्ये मध्ये मराठी.

त्यांनी सुरुवात मुळाक्षरांपासून न करता शब्दांच्या हाडांपासून केली. अरबी शब्दाच्या पोटात बहुधा तीन व्यंजनं असतात. ती जागेवर राहतात, आजूबाजूचे स्वर आणि पुढची-मागची अक्षरं बदलली की अर्थ वळतो. ह, स, ल ही तीन घ्या. त्यांच्यातून ‘हासिल’ होतो, ‘तहसील’ होते, ‘महसूल’ होतो. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. महसूल हा शब्द आमच्या घरात भाताइतका रोजचा होता, आणि ‘नुसतं रडून काय हशील?’ हे आईचं वाक्य. तिन्ही एकाच घरातले असतील असं कधी मनात आलं नव्हतं. तसेच नजर, नाझर आणि मंजूर. हे शब्द आपल्याकडे बहुतेक फारसीमार्फत आले. फतहुल्लाह इमादुल्मुल्कने 1490 मध्ये वऱ्हाडात इमादशाही उभी केली तेव्हा दरबारातलं लिखाण फारसीत होतं, आणि फारसीने अरबी शब्द पोटभर घेतलेले होते. माधवराव पटवर्धनांच्या, म्हणजे माधव जूलियनांच्या, 1925 च्या ‘फार्शी-मराठी कोशा’त हे सगळं सापडतं. पण कोशात शब्द अकारविल्हे येतात. आपांच्या ओसरीवर ते घराण्याने आले.

इंग्रजी शब्द असा आतून वळत नाही, बाहेरून जोडला जातो: पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा. पण तिच्यातही जुन्या काळचा एक कोपरा आहे. सिंग, सँग, संग, साँग. व्यंजनं तीच, मधला स्वर फिरतो. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा आपा सरसावून बसल्या. “ये तो बिलकुल हमारा तरीका है.” क्रियापदांची ती यादी, जी दहावीच्या मुलांना घोकून घोकून येत नाही, ती त्यांनी व्यंजनांचा सांगाडा धरून पाठ केली. फूटचं फीट, माऊसचं माइस, मॅनचं मेन हेही त्यांना खटकलं नाही, कारण अरबीत असंच चालतं. हर्फचं हुरूफ. किताबचं कुतुब. वलीचं अवलिया. मराठीत आपण एका माणसाला अवलिया म्हणतो, एकाच सरदाराला उमराव म्हणतो. अरबीत ही दोन्ही अनेकवचनं आहेत.

त्यांना जे अवघड गेलं ते वेगळंच होतं. अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही. मी शिक्षिका, झालं वाक्य. म्हणून आपांच्या इंग्रजीतून ‘ॲम’ आणि ‘इज’ गळायचे. याउलट ‘द’ कुठे लावायचा याचं भान त्यांना माझ्या मराठी मुलांपेक्षा लवकर आलं, कारण अरबीत ‘अल’ आहे आणि मराठीत त्याला जोडच नाही. फक्त विद्या, सत्य, संयम अशा शब्दांना अरबीत ‘अल’ लागतो आणि इंग्रजीत ‘द’ नको असतो, तिथे त्या हमखास ‘द नॉलेज’ लिहायच्या. चूक कुठून आली हे दिसलं की सुधारायला सोपं जातं. मी वर्गातही आता हेच करते. ‘चुकलं’ म्हणून लाल रेघ मारण्याआधी विचारते, हे तुझ्या कुठल्या भाषेतून आलं?

मला अवघड गेली ती क्रियापदं. आपांनी मला ‘फअल’ची चौदा रूपं पाठ करायला दिली. तो एक, ते दोघे, ते सगळे, ती एक, त्या दोघी, त्या सगळ्या, मग हीच सहा ‘तू-तुम्ही’ची, शेवटी मी आणि आम्ही. शाळेत संस्कृत शिकलेली होते म्हणून द्विवचनाचं नवल वाटलं नाही. पण समोरच्या अनेकांना ‘तुम्ही’ म्हणतानाही ते पुरुष की बाया हे क्रियापदात दाखवावं लागतं, ही सवय जिभेला नव्हती. इंग्रजीत ‘रोट’ सगळ्यांना एकच: राजाला, पोराला, एकाला, दहांना. क्रियापदाची जागाही तिन्ही भाषांत तीन ठिकाणी. अरबीत ते बहुधा वाक्याच्या तोंडाशी येतं, इंग्रजीत मधे, मराठीत शेवटी. वाक्य ऐकताना कुठे कान टवकारायचे ते त्यावर ठरतं, म्हणून तिसऱ्या भाषेतलं वाक्य ऐकताना मूल भांबावतं ते बुद्धी कमी म्हणून नव्हे.

आमच्या गावाचं नाव या दोन्ही भाषांना झेपत नाही. अरबीत च नाही आणि प नाही. फारसीने ही दोन अक्षरं, शिवाय ग आणि झ्झ सारखं एक, स्वतःसाठी वाढवून घेतली. मूळ अरबीत लिहायचं तर अचलपूरचं ‘अतशलबूर’ होतं. इंग्रजांनी लिहिलं एलिचपूर, दोन एल लावून. यात च आणि लची अदलाबदल झाली ती मात्र त्यांच्यामुळे नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात अचलपुराचं अलचपूर होतं म्हणून एक वेगळं सूत्रच दिलं आहे, आणि लीळाचरित्रात हे गाव अळजपूर म्हणून येतं. लोकांच्या तोंडात नाव आधीच फिरलेलं होतं, परक्या लिप्यांनी ते तसं उचललं.

या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी एका कागदाची गोष्ट सांगते. माझा एक जुना विद्यार्थी वायरमनचं काम करतो. त्याला सौदीत नोकरी लागली. दहावी पास असल्यामुळे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे बाहेर कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागण्याचा, शिक्का नव्हता, तेवढी एक कटकट वाचली. करारनामा घेऊन तो माझ्याकडे आला. पानाचे दोन उभे भाग: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे दोन मजकुरांत फरक निघाला तर अरबी मजकूर धरला जातो. म्हणजे ज्या भागावर त्याचं खरं भवितव्य होतं तो उजवीकडचा. लहानपणी कुराण पूर्ण केलेला मुलगा; त्याने वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडखळला. जबर नाही, जेर नाही. डावीकडचं इंग्रजी त्याने सरळ वाचलं, पण ‘टर्मिनेशन’पाशी येऊन माझ्याकडे बघायला लागला.

मी आपांना बोलावलं. त्यांची अरबी धर्मग्रंथांची आणि व्याकरणाची, कंपनीच्या कागदाची नव्हे. तरी त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या आणि मी डावीकडे त्याच कलमावर. ‘अत्तरफुल अव्वल’ म्हणजे पहिला पक्ष. ‘मुद्दत’. ‘रातिब’ म्हणजे पगार. आपल्या दुधाचा रतीब तिथलाच. मग एका शब्दापाशी त्या थांबल्या: ‘तअमीन’. त्यांच्या कुठल्या किताबात तो या अर्थाने आला नव्हता. मी इंग्रजी वाचलेलं होतं, पण सांगितलं नाही. त्यांनी शब्द सोलला: अ, म, न. अमानत, अमीन, अमन. सुरक्षित करणं. पुढचा शब्द ‘तिब्बी’, वैद्यकीय. “बीमारी की हिफाजत का कुछ इंतजाम है,” त्या म्हणाल्या. डावीकडे लिहिलं होतं मेडिकल इन्शुरन्स. असं एकेक कलम करत रात्रीचं जेवण लांबवून आम्ही पूर्ण कागद जुळवला. परतीच्या तिकिटाचं कलम दोन्हीकडे सारखं आहे याची खात्री झाली तेव्हाच त्याने सही केली.

त्या रात्रीनंतर शुक्रवारच्या बैठकीत कामं वाढली. बाहेर जाणाऱ्या पोरांसाठी करारात हमखास येणाऱ्या शब्दांचा एक तक्ता आम्ही केला. अरबी बाजूला खुणा घातलेल्या, इंग्रजी बाजूला उच्चार देवनागरीत आणि उर्दूत, मधे अर्थ. शेजारच्या परतवाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे त्याच्या प्रती काढून ठेवतो. येईल त्याला देतो. मकतबात अर्थ शिकवत नाहीत आणि शाळेत उच्चार शिकवत नाहीत, या दोन्ही तक्रारी मी आता एकत्रच मांडते. हाफिजजींपुढेही मांडल्या. वरच्या वर्गातल्या मुलांना वाचलेल्या ओळीतले निदान ओळखीचे शब्द दाखवायला त्यांनी सुरुवात केली आहे. शाळेतल्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत उच्चाराला गुण मिळावेत म्हणून मी दरवर्षी अर्ज देते.

शिकवणीत इंग्रजीच्या तख्त्या चालू आहेत, कायद्याच्या धर्तीवर, सोप्या आवाजापासून अवघडाकडे. मराठी शाळेतल्या मुलांना ‘थ्री’ शिकवण्याचं काम मकतबातल्या मुली करतात. त्या माझ्यापेक्षा कडक आहेत, रवां झाल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. ओ-यू-जी-एचची तख्ती अजून पुरी झालेली नाही. मुलं तिच्यात सापडेल तो शब्द भरत असतात, आणि आपा दर शुक्रवारी मला नियम विचारतात.